घर कोणत्या बस्तीत घ्यावे?

दरवर्षी मे-जून महिना आला की आमच्या मंडळाच्या कार्यालयात एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो. नांदेड, परभणी, लातूरकडून, बीदर-भालकीकडून, तर कधी आदिलाबाद-निजामाबादेहून कुणी गृहस्थ येतात. मुलाला हैदराबादेत नोकरी लागलेली असते किंवा मुलीला कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. गावाकडची ओळख निघते, चहा होतो आणि मग विचारणा होते, "साहेब, घर कोणत्या भागात घ्यावे?"

वरवर पाहता हा किरायाचा आणि खोल्यांच्या संख्येचा प्रश्न आहे. पण एखादे कुटुंब कुठे राहते यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. मुले कोणत्या भाषेत खेळणार, कोणत्या शाळेत जाणार, घरातली वडीलधारी माणसे दुपारी कुणाशी दोन शब्द बोलणार, आणि निवडणुकीत त्या घरातली चार मते कुठे पडणार, हे सारे घराच्या पत्त्याबरोबर ठरून जाते. एका घराचा हा निर्णय खाजगी असतो. हजार घरांनी तो घेतला की तो समाजाचा होतो. म्हणून या अंकात आम्ही त्याचा जरा सविस्तर विचार करीत आहोत.

पूर्वजांनी काय पाहिले?

सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चौडी, कुतबीगुडा, इसामिया बाजार ही नावे आपल्या कानाला घरची वाटतात. पण आपले आजे-पणजे तिथे उगाच येऊन उतरले नव्हते. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबादशी जोडलेले होते. वरचे कोर्ट इथे, मोठ्या कचेऱ्या इथे, आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही इथेच. मराठवाड्याकडच्या मीटर गेजच्या गाड्या काचीगुड्याला येत. त्यामुळे स्टेशनापासून पायी जाता येईल अशा अंतरावर बिऱ्हाड करणे सोयीचे होते, हे एक कारण.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याचा आपल्याला विसर पडत चालला आहे. आजचा सुलतान बाजार तेव्हा रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. १९३३ पर्यंत तिथे निजामाचा नव्हे, इंग्रज रेसिडेंटचा अंमल चाले. संस्थानात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे, आणि १९२९ च्या सुमारास निघालेल्या ५३ क्रमांकाच्या गस्तीने तर हा फास आणखी आवळला. अशा काळात वाचनालय काढावे, व्याख्यान ठेवावे, चार माणसे जमवून देशाच्या गोष्टी बोलाव्यात, तर रेसिडेन्सीचा परिसर त्यातल्या त्यात मोकळा होता. आर्य समाज १८९२ मध्ये इथेच सुरू झाला. तेलुगू बांधवांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ मध्ये इथेच उभे राहिले. मराठी मंडळींची विवेकवर्धिनीही इथून जवळच जांबागेत वाढली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारखे पुढारी याच वातावरणात वावरले. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरू शकले, त्यामागे या वस्तीने वर्षानुवर्षे जपलेले बळ होते.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी घर घेताना मुले शिकतील का, मोकळेपणाने बोलता येईल का, संकटात कुणी धावून येईल का, हेही पाहिले. खोल्या लहान होत्या, नळ सामायिक होता, तरी ते तिथे राहिले.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. आपण घर बदलले नाही, गल्ली बदलली नाही. तरी एका रात्रीत आपण भाषिक अल्पसंख्य झालो. २ जून २०१४ पासून राज्याचे नाव तेलंगणा झाले, आपली स्थिती तीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये सांगितले आहे की भाषिक अल्पसंख्याक कोण, हे त्या त्या राज्यापुरते पाहायचे असते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आपण कोण आहोत याबद्दल शंका नको.

शहर सरकले, आपण विखुरलो

१९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले आणि शहराचे तोंड पश्चिमेकडे वळले. आता नोकऱ्या माधापूर, गच्चीबौली, नानकरामगुडा या बाजूला आहेत. काचीगुड्याहून तिथे जायचे म्हणजे वीसेक किलोमीटरचा पल्ला. इकडे सुलतान बाजारात घरांची दुकाने झाली, वाडे पाडून कॉम्प्लेक्स आले. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा घरांत आजी-आजोबा दोघेच उरले आहेत.

अशा वेळी नव्याने येणाऱ्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. वडीलधारे सांगतात, आपल्या माणसांत राहा, काचीगुडा-बरकतपुरा सोडू नका. तरुण सांगतात, ऑफिसच्या जवळ राहा, बाकी सगळे ॲपवर मिळते. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. रोज जाऊन-येऊन तीन तास रस्त्यावर घालवणारा बाप संध्याकाळी मुलांशी कोणत्याच भाषेत बोलत नाही, मराठी तर दूरच. उलट, पंचवीस मजली इमारतीत ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या सूनबाईला मूल आजारी पडले तर हाक मारायला शेजार नसतो. नवरा दौऱ्यावर असेल तर विचारायलाच नको.

आमचा सल्ला असा, की एखादी विशिष्ट बस्ती पकडून बसू नका. तिच्याशी जोडणारी रेषा धरा. मेट्रोची मियापूर–एल. बी. नगर ही लाइन उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्टेशनावरून, म्हणजे थेट कोठीवरून जाते. कुकटपल्ली, के.पी.एच.बी., एस. आर. नगर, अमीरपेठ, मलकपेठ, दिलसुखनगर या भागांतल्या माणसाला गाडी न बदलता आपल्या ग्रंथसंग्रहालयापर्यंत येता येते. अमीरपेठेला गाडी बदलली की हायटेक सिटी आणि रायदुर्ग. नारायणगुडा, चिक्कडपल्ली, सुलतान बाजार ही स्टेशने वेगळ्या लाइनवर आहेत. तिथून निघणाऱ्याने परेड ग्राउंडला उतरून रायदुर्गची गाडी धरावी. काचीगुडा आणि विद्यानगरहून लोकल गाडी, म्हणजे एम.एम.टी.एस., हायटेक सिटी-लिंगमपल्लीकडे जाते. तिचे तिकीट स्वस्त आहे, पण मेट्रोसारखी ती दर पाच-सात मिनिटांनी नसते. वेळापत्रक पाहूनच तिच्यावर भरवसा ठेवावा. गच्चीबौली, कोंडापूर, मणिकोंडा इथवर मेट्रो पोहोचलेली नाही. तिथे घर घेणाऱ्याने रायदुर्गपासून पुढचा रोजचा खर्च आणि वेळ आधीच मांडून पाहावा. घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. सोमवारी सकाळी साडेआठला जावे, म्हणजे रस्ता काय चीज आहे ते कळते.

पाणी: येणारे आणि शिरणारे

हैदराबादेत घर घेताना पाण्याचे दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, पाणी कुठून येते? महापालिकेचा नळ आहे की नुसते बोअर, उन्हाळ्यात किती टँकर लागतात आणि त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे? एप्रिल-मे महिन्यातले मेंटेनन्सचे बिल मागून पाहिले तर सगळे स्वच्छ कळते.

दुसरा प्रश्न, पाणी कुठून शिरते? हे शहर तळ्यांचे आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने काय हाहाकार केला ते आपल्या घराण्यांतून अजून सांगितले जाते. त्यानंतरच उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. ऑक्टोबर २०२० च्या पावसाने पुन्हा दाखवून दिले की तळे माणूस विसरला तरी पाणी विसरत नाही. जुन्या नावांकडे लक्ष द्यावे. नल्लाकुंटा, मासाब टँक ही नावेच सांगतात की इथे कधीकाळी तळे होते. तेलुगूत 'कुंटा' म्हणजे लहान तळे, 'चेरुवू' म्हणजे मोठे. म्हणून नल्लाकुंट्यात राहू नये असे नव्हे, तिथे आपली कितीतरी घरे सुखाने नांदली. पण नव्या कॉलनीत तळमजला घेताना शेजारच्या किराणा दुकानदाराला एकदा विचारावे, "२०२० साली इथे पाणी किती चढले होते?" तो खोटे सांगणार नाही.

घर विकत घेणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. तळ्याच्या पूर्ण पातळीची हद्द, जिला सगळे एफ.टी.एल. म्हणतात, आणि तिच्या भोवतीचा मोकळा पट्टा यात बांधकाम चालत नाही. जुलै २०२४ मध्ये स्थापन झालेल्या 'हैड्रा'ने अशी कित्येक बांधकामे पाडली. बिल्डरने छापलेला रंगीत कागद आणि बँकेचे कर्ज मंजूर झाल्याचे पत्र, एवढ्यावर जन्माची पुंजी लावू नये. रेराचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा आणि तळ्याची हद्द तिन्ही स्वतः तपासावीत, आणि ओळखीच्या वकिलाला कागद दाखवावेत. 'घर पाहावे बांधून' असे म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी कागद पाहण्याचे कष्टही त्यात धरलेलेच होते.

शाळा आणि भाषा

शाळेबाबत आमचे मत स्पष्ट आहे. मुलांना तेलुगू चांगली आली पाहिजे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. ज्या भूमीचे पाणी आपण पाच-पाच पिढ्या प्यायलो तिची भाषा मुलाला यावी, यात आपलाच मान आहे. बेळगावच्या मराठी माणसाला कन्नड येते म्हणून त्याची मराठी कमी झालेली नाही.

मात्र दुसरी बाजूही तेवढीच खरी. घटनेच्या ३५० (अ) कलमाने अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी अपेक्षा राज्यांकडून केली आहे, आणि ३० व्या कलमाने आपल्याला स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. हे हक्क बजावायचे तर वर्गात मुले हवीत. एका कॉलनीत एक, दुसरीत दोन अशी मुले विखुरली तर कोणतीही शाळा मराठीचा शिक्षक नेमणार नाही. म्हणून घर पाहताना, त्या भागात आणखी चार-पाच मराठी घरे आहेत का, हे विचारावे. चार-पाच घरे पुरेत. तेवढ्या घरांतून रविवार सकाळचा मराठी वर्ग चालू शकतो, गणपतीच्या आरतीला दहा मुले जमू शकतात, आणि ग्रंथसंग्रहालयातून एकाने आणलेली पुस्तके पाच घरांत फिरू शकतात.

'टू-लेट'ची पाटी आणि आपले मन

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. जुन्या बस्तीत ज्यांची स्वतःची घरे आहेत, ते आपले वाचक आहेत. त्यांच्या दारावर 'टू-लेट'ची पाटी लागते तेव्हा फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा होतो, दुसरा खाण्यापिण्याचा. मराठी मुलगा सोलापूरचा असो की देगलूरचा, त्याचे आडनाव 'बसले' नाही तर "घर कालच गेले हो" असे उत्तर मिळते. पाटी मात्र पुढच्या रविवारीही तशीच लटकलेली असते.

हैदराबादचा मराठी माणूस म्हणजे चार आडनावे नव्हेत. देशस्थ घराणी आहेत, तसे मराठे आहेत, पिढ्यान्पिढ्या तेलंगणाच्या गावांत राहिलेले आरे मराठे आहेत, भावसार आहेत, शिंपी आहेत, बौद्ध आहेत, मराठी बोलणारे मुसलमानही आहेत. सभेत उभे राहून "आपली भाषा, आपली माणसे" म्हणायचे आणि संध्याकाळी घर किरायाने देताना जात विचारायची, या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. ज्याला आपण दारातून परत पाठविले, त्याने उद्या मराठीच्या नावाने आपल्याला साथ का द्यावी? आपले घर कुणाला द्यावे हा मालकाचा अधिकार आहे, हे आम्ही जाणतो. किराया वेळेवर येईल का, माणूस सभ्य आहे का, हे अवश्य पाहावे. पण नोकरीच्या शोधात आलेल्या मराठी पोराला, एकट्या राहणाऱ्या मराठी मुलीला आपल्या वाड्यातली एक खोली मिळू नये, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

यात आपला स्वार्थही आहे. ज्या घरात आजी-आजोबा दोघेच राहतात, तिथे माडीवर दोन तरुण राहिले तर रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला कुणीतरी असते. किराया बाजारभावापेक्षा थोडा कमी घेतला तरी हा सौदा तोट्याचा नाही.

पत्ता बदलला, मत कुठे आहे?

शेवटचा मुद्दा मताचा. २०२० च्या हैदराबाद महापालिका निवडणुकीत १५० प्रभाग होते आणि मतदार सुमारे ७४ लाख. म्हणजे प्रभागाला सरासरी पन्नास हजारांच्या आत-बाहेर. त्यातले जेमतेम ४६ टक्के लोक मतदानाला गेले. याचा हिशेब करून पाहा. प्रभागात प्रत्यक्ष मते पडतात तेवीस हजारांच्या आसपास, आणि ती पाच-सहा उमेदवारांत वाटली जातात. अशा प्रभागात तीनशे मराठी घरे असतील आणि प्रत्येक घरातून तीन माणसे मतदानाला गेली, तर नऊशे मते होतात. नऊशे मते हातात असलेल्या मंडळाकडे उमेदवार स्वतः चालत येतो. तीच तीनशे घरे तीस प्रभागांत विखुरली, किंवा एकत्र असूनही घरी बसली, तर गणेशोत्सवाच्या मंडपाची परवानगी मिळवायलाही आपल्याला दहा चकरा माराव्या लागतात.

आणि खरी अडचण विखुरण्याहूनही साधी आहे. काचीगुडा सोडून कुकटपल्लीला जाऊन दहा वर्षे झाली तरी कित्येकांचे नाव जुन्याच यादीत आहे. मराठवाड्यातून आलेल्या अनेकांचे नाव अजून गावीच आहे, काहींचे तर दोन्हीकडे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला धरून नाही. जिथे राहतो तिथेच नाव असावे. राहण्याची जागा बदलली असेल तर नमुना ८ भरावा, आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना ६. २०२२ पासून नव्या मतदारांसाठी वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तेव्हा "पुढच्या वर्षी पाहू" ही सबब चालणार नाही.

जनगणनेचेही तसेच. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणाऱ्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे. प्रगणक घाईत असतो, आपण हिंदीत बोललो की तो हिंदी लिहून मोकळा होतो. पश्चिमेकडच्या उंच इमारतींत राहणाऱ्या आपल्या माणसांनी हा रकाना स्वतः पाहून 'मराठी' लिहिला आहे की नाही याची खात्री करावी. ज्या भाषेची माणसे मोजली जात नाहीत, त्या भाषेचा शिक्षक, तिचे पुस्तक आणि तिची शाळा यांच्या मागणीला सरकारदरबारी आधार उरत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात

नव्याने येणाऱ्यांना आम्ही सांगतो, ऑफिसला तासाभरात पोहोचाल आणि रविवारी गाडी न बदलता किंवा एकदाच बदलून कोठीला येऊ शकाल, अशा भागात घर घ्या. पाणी तपासा, कागद तपासा, चार-पाच मराठी घरांचा शेजार पाहा. घर मिळाले की गॅसच्या जोडणीबरोबरच मतदार यादीतले नावही बदलून घ्या. तेलुगू शिका, शेजाऱ्यांच्या बतुकम्माला जा, त्यांना आपल्या गणपतीला बोलवा.

जुन्या वाचकांना आम्ही सांगतो, बस्ती आपोआप टिकत नाही. वाड्याचे दार उघडे ठेवाल तर बस्ती राहील. विकायची वेळ आलीच तर बिल्डरशी बोलण्याआधी एकदा मंडळाशी बोला. तळमजल्यावरची एक खोली वाचनालयासाठी, वर्गासाठी राखता येते का, हे विचारायला काय हरकत आहे?

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगतो, सगळे कार्यक्रम जुन्या शहरातच घ्यायचे आणि पश्चिमेकडचे लोक येत नाहीत म्हणून बोलायचे, असे होऊ नये. चार कार्यक्रमांतला एक मियापूर-कुकटपल्लीच्या बाजूला झाला पाहिजे. ज्या घरी मराठी वर्ग चालू शकेल, अशा घराचा पत्ता आम्हाला कळवावा. शिक्षक आणि पुस्तके यांची सोय करण्यास मंडळ बांधील राहील.

रेसिडेन्सी बाजारात बिऱ्हाड करणाऱ्या पिढीला परवानगीवाचून सभा घेण्याचीही मुभा नव्हती. त्यांनी मोकळी जागा शोधली आणि तिथे शाळा, ग्रंथालय, परिषद उभी केली. आपल्याला तर साऱ्या शहरात मुभा आहे. त्या मुभेचे आपण काय करतो, ते पुढच्या पाच-दहा वर्षांत या शहरातल्या मराठी शाळांच्या हजेरीपटावर आणि मतदार याद्यांवर दिसेल.